शंभर टक्के मूळनिष्ठ

चित्रपट मूळ कादंबरीशी प्रामाणिक असल्याचा दाखला निघाल्याखेरीज तो कोणत्याही देशात दाखवता येणार नाही, असं करारनाम्याचं सतरावं कलम होतं. हा दाखला ज्यांच्या सहीनं निघायचा होता ते मास्तर सोमवारी सकाळी पावणेदहाला चित्रपट कंपनीच्या अकराव्या मजल्यावर हजर झाले. कामकाज साडेदहाला सुरू होत असे. पण सव्वीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला घंटेआधी पोचायची खोड असते आणि ती निवृत्तीनंतरही जात नाही. त्यांनी पाऊण तास उभ्यानं काढला.

सतरावं कलम खुद्द लेखिकाबाईंनी घातलं होतं. बाई ब्याण्णव वर्षांच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या, डोळ्यांनी जवळजवळ अधू, पण जिभेनं ठणठणीत. त्यांच्या इंग्रजी कादंबरीवर तीन पिढ्या जीव ओवाळून टाकत आल्या होत्या. सिनेमावाले त्यांच्याकडे दोनदा गेले आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आले. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "तुमच्यावर माझा विश्वास नाही, आणि माझ्यावर तर त्याहून नाही. कुणी चार शब्द गोड बोललं की मी कशालाही हो म्हणते. ज्यानं हे पुस्तक मुलांना शिकवलंय त्याला बसवा. त्यानं सही केली तर दाखवा."

असा माणूस बाईंच्या माहितीत एकच होता. मास्तरांनी ती कादंबरी सव्वीस वर्षं नववीच्या वर्गाला शिकवली होती, आणि दर वर्षी शेवटचं पान शिकवून झालं की बाईंना एक पत्र टाकलं होतं. प्रत्येक पत्राला पोस्टकार्डावर उत्तर आलं होतं. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मास्तरांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि मग खुर्ची शोधली.

"आता डोक्यात हवा जाऊ देऊ नका," बायको म्हणाली.

हवा गेलेली होती.

कादंबरीची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढे तिचं काही शिल्लक राहणार नाही. एका राजानं राज्यातला सगळा विस्तव आपल्या तळघरात कुलपात ठेवलेला असतो. तीन वर्षं हिवाळा हटत नाही. तेरा वर्षांच्या एका अनाथ मुलीला एक म्हातारा, दमेकरी ड्रॅगन भेटतो. त्याच्या पोटात एकच निखारा उरलेला आहे. तो खोकला की निखाऱ्याचा एक कण उडून वाया जातो, आणि हसला की त्याला हमखास खोकला येतो. तेव्हा त्याला सात टेकड्या ओलांडून परत तिच्या गावापर्यंत न्यायचं, तर वाटेत हसवायचं नाही. आणि मुलगी तर जन्माची थट्टेखोर. तिला बोलायला दुसरं कुणी नाही. सात टेकड्या ती जीभ चावत चालते. शेवटच्या पानावर गाव येतं, गारठलेली चूल समोर येते, आणि ड्रॅगन म्हणतो, "आता सांग, काय सांगायचं राहिलं होतं ते." मुलगी सांगते. ड्रॅगन पोट धरून हसतो, खोकतो, निखारा चुलीत पडतो, आणि तो तिथंच थंड होतो. हे पान मास्तरांना सव्वीस वर्षांत एकदाही सरळ आवाजात वाचता आलं नव्हतं. सही द्यायची ती याच पानासाठी, हे त्यांनी अकराव्या मजल्यावर पाऊल टाकण्यापूर्वीच ठरवलं होतं.

विभागाचं नाव होतं 'जागतिक स्वीकारार्हता'. विभागप्रमुख मॅडमनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं आणि त्याच बळावर त्या इथवर चढल्या होत्या.

"मास्तर, सगळं तुम्ही म्हणाल तसंच होणार," त्या म्हणाल्या. "फक्त तुम्ही काय म्हणायचं ते आपण मिळून ठरवत जाऊ."

पद्धत साधी होती. चित्रपट त्रेचाळीस बाजारपेठांत जायचा होता. कुठल्याही बाजारपेठेतल्या प्रेक्षकाचं मन दुखावण्याची शक्यता दिसली की एक हिरवी चिठ्ठी निघे, तिला हरकत-चिठ्ठी म्हणत. हरकत कुणीही, कशावरही घेऊ शके. हरकतीवर मात्र हरकत घेता येत नसे, कारण तसं केल्यानं हरकत घेणाऱ्याचं मन दुखावण्याची शक्यता होती.

मास्तर तयारीनिशी आले होते. कादंबरीत जे जे आहे ते त्यांनी चार रेघी वह्यांत उतरवून काढलं होतं: माणसं, प्रसंग, वस्तू, संवाद, हवामान. एकूण मुद्दे बाराशे बारा. त्यातले जितके पडद्यावर येतील तितकी निष्ठा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पहिली हिरवी चिठ्ठी तिसऱ्या दिवशी आली. नदीकाठचा नावाडी चिलीम ओढतो, हा मुद्दा क्रमांक एकशे चार. एका बाजारपेठेत पडद्यावर धूर चालत नव्हता.

"चिलमीचं काय एवढं," मास्तर उदारपणे म्हणाले. "पण मग बाराशे बारापैकी बाराशे अकराच होतील. शंभर टक्के भरणार नाहीत."

"अरेरे," मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

आणि इथं मास्तरांच्या हातून ती गोष्ट घडली. एखादा विद्यार्थी अर्ध्या गुणानं नापास होताना त्यांना बघवत नसे, तसंच झालं. ते म्हणाले, "आमच्याकडे पेपरात अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला तर तो रद्द धरतात आणि उरलेल्या गुणांवर टक्के काढतात. मुलाची त्यात काय चूक?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग ते पुन्हा उचलून मास्तरांचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सूत्र टंकून, प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लागलं होतं: 'हरकत नोंदवलेला मुद्दा लागू नाही असे समजून एकूण मुद्द्यांतून वगळावा. उरलेल्या मुद्द्यांपैकी जितके पाळले, तितके टक्के मूळनिष्ठा.' वर ठळक अक्षरांत 'मास्तर-सूत्र' असं लिहिलं होतं. आपलं नाव भिंतीवर पाहून मास्तरांना संकोच वाटला, पण घरी गेल्यावर त्यांनी ते बायकोला तीनदा सांगितलं.

"म्हणजे जे काढून टाकतील ते मोजायचंच नाही?" बायकोनं विचारलं.

"अगं, अन्याय नको म्हणून."

"कुणावर?"

मास्तरांनी चहा मागितला.

पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्यांना पाय फुटले. नायिका अनाथ आहे, यानं सात बाजारपेठांतले सुट्टीत सिनेमाला येणारे कुटुंबवत्सल प्रेक्षक खिन्न होण्याची शक्यता होती. तेव्हा तिला आईबाप देण्यात आले. आता आईबाप आहेत म्हटल्यावर तेरा वर्षांची मुलगी त्यांना न विचारता घराबाहेर पडते कशी, अशी पुढची चिठ्ठी आली. मग संमतिपत्राचा प्रसंग घालण्यात आला; बाप वाचून सही करतो, आई साक्षीदार म्हणून करते. नुसत्या संमतीनं भागेना, तेव्हा आईबाप बरोबरच निघाले. आणि आईबाप बरोबर असताना लेकरू कड्यावरून घसरतं, लांडग्यांच्या तावडीत सापडतं, उपाशी झोपतं, हे पालकांच्या हलगर्जीपणाचं उघड समर्थन झालं असतं. म्हणून कडे गेले, लांडगे गेले, भूक गेली. आईनं वाटेसाठी डबा घेतला.

राजाचं तर फारच अवघड झालं. ज्या देशांत राजे आहेत तिथं दुष्ट राजा दाखवणं हा अपमान, आणि ज्या देशांनी राजे घालवले तिथं कुठलाही राजा दाखवणं हा प्रचार. राजाच्या जागी मंत्री सुचवला गेला. पण मंत्री सगळीकडेच आहेत. शेवटी विस्तव कुणीच कोंडला नाही, दुरुस्तीसाठी तो तात्पुरता बंद आहे, असं ठरलं. दुरुस्ती वेळेत होत नाही असं सूचित होऊन एका बाजारपेठेतलं एक सरकारी खातं दुखावेल म्हणून ती दुरुस्ती पहिल्याच दृश्यात पूर्ण करण्यात आली.

"मग गावात विस्तव आहे?" मास्तरांनी विचारलं.

"घरोघरी," मॅडम समाधानानं म्हणाल्या.

"मग ही मंडळी सात टेकड्या ओलांडून कशाला निघालीत?"

"फिरायला. मास्तर, कौटुंबिक सहली सर्व बाजारपेठांना चालतात."

मास्तर उखडले. नाही असं नाही. चष्मा काढून ते म्हणाले की हे सगळे प्रेक्षक एवढे हळवे आहेत हे त्यांना खरं वाटत नाही. त्यांना बाजारपेठांच्या प्रतिनिधींना भेटायचं आहे. मॅडमनी 'नाही' म्हणायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी नवव्या मजल्याचा पास दिला.

नवव्या मजल्यावर 'भावना अंदाज कक्ष' होता. आत दोन माणसं समोरासमोर बसून जेवत होती. त्यांच्यामध्ये हिरव्या कागदांचे दोन गठ्ठे होते.

"त्रेचाळीस देशांचे प्रतिनिधी कुठायत?"

"आम्हीच की," त्यातला जाडा म्हणाला. "पहिले बावीस माझ्याकडे, उरलेले एकवीस ह्यांच्याकडे."

"तुम्ही जाऊन आलात तिकडे?"

"छे हो. मला विमान लागतं."

"मग तिथल्या लोकांना विचारता तरी?"

जाड्यानं हातातला घास खाली ठेवला. त्याला धक्का बसला होता. "विचारतात होय असं? 'तुम्ही एवढ्याशा गोष्टीनं दुखावता का हो?' असं तोंडावर विचारल्यावर कुणाचं मन दुखावणार नाही?"

दुसऱ्यानं मान डोलावली. "आणि साहेब, कुणी दुखावलं नाही तर आमचं काम काय राहिलं?"

मास्तर जिन्यानं परत वर आले. आपण हे सगळं बाईंना कळवावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पोस्टकार्ड काढलं, 'आदरणीय बाई' एवढं लिहिलं, आणि मग पुढे काय लिहावं ते सुचेना, कारण सूत्र त्यांचंच होतं आणि ते भिंतीवर होतं. कार्ड त्यांनी वहीत ठेवलं. अजून ड्रॅगन शाबूत आहे, शेवटचं पान शाबूत आहे, मधल्या टेकड्यांचं बघता येईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मास्तरांनी तर काडीवर घर बांधलं.

मग ओठवाले आले. ओठवाले म्हणजे निरनिराळ्या भाषांतले संवाद नटांच्या ओठांच्या हालचालीशी जुळवणारे गृहस्थ. त्यांचं खरं नाव विभागात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांची तक्रार रास्त होती. एकच वाक्य त्रेचाळीस भाषांत त्याच ओठांवर बसवायचं म्हणजे एका चपलेत त्रेचाळीस पाय घालण्यासारखं आहे, असं ते म्हणाले.

"हिवाळा आहे ना गोष्टीत? मग सगळ्यांच्या तोंडावर मफलर गुंडाळा. ओठ दिसायला नकोत. सुटलो."

मफलर गुंडाळले गेले. दुसऱ्याच दिवशी नवव्या मजल्यावरून चिठ्ठी आली, की उष्ण बाजारपेठांतल्या प्रेक्षकांना हिवाळ्यानं आपण वगळले गेलो असं वाटेल. हिवाळा रद्द झाला. आता चांगल्या हवेत मफलर बांधून कोण फिरतं? ओठवाल्यांनी डोकं खाजवलं आणि तोड काढली. कुणीही बोलताना प्रेक्षकांकडे पाठ करायची. बोलून झालं की वळायचं. एका पात्राला लांब वाक्य असेल तर त्यानं जरा चालत पुढे जावं, म्हणजे नैसर्गिक वाटेल.

"चेहरे दिसलेच नाहीत तर माणसाला काय वाटतंय ते कळणार कसं?" मास्तर म्हणाले.

"पाठीवरूनही पुष्कळ कळतं," ओठवाले म्हणाले. "माझी बायको सगळं पाठीवरूनच सांगते."

आणि मग ज्याची धास्ती होती तो दिवस उजाडला. ड्रॅगनची फाईल उघडली. पहिल्याच चिठ्ठीत दम्याच्या रुग्णांची टिंगल होत असल्याबद्दल खोकला वगळण्यात आला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणावं तर त्या खोकल्यावरच सगळी गोष्ट उभी होती. म्हातारपण ज्येष्ठांच्या भावनांसाठी गेलं. पोटातला निखारा बालसुरक्षेसाठी गेला. एवढं झाल्यावर जो ठणठणीत, तरणाबांड, विस्तवाशी संबंध नसलेला प्राणी उरला त्याच्यावर शेवटच्या दोन चिठ्ठ्या आल्या. चौदा बाजारपेठांत ड्रॅगन शुभ असतो, तेव्हा तो मरता कामा नये. नऊ बाजारपेठांत तो सैतान असतो, तेव्हा तो जगता कामा नये, निदान मुलीशी मैत्री करून तर नाहीच.

"म्हणजे त्यानं करायचं तरी काय?" मास्तरांचा आवाज चिरकला.

मॅडमनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, नीट केल्या. "त्यानं अनुपस्थित राहावं. अनुपस्थितीवर एकाही बाजारपेठेची हरकत नाही."

त्याच्या जागी कुत्रा सुचवण्यात आला, पण कुत्र्यावर इतक्या चिठ्ठ्या आल्या की 'भीक नको पण कुत्रं आवर' अशी विभागाची गत झाली. घोडा, घुबड, कासव, सगळे येऊन गेले. अखेर ढगावर एकमत झालं. ढग काळा असला तर अमंगल, पांढरा असला तर पक्षपाती. तेव्हा तो फिकट राखाडी ठेवण्यात आला. तो मंडळींच्या वर, पुरेशा अंतरावरून चालतो. पाऊस पाडत नाही.

चित्रपट पूर्ण झाला तेव्हा मास्तरांच्या चार वह्यांतले बाराशे आठ मुद्दे 'लागू नाही' झाले होते. उरले चार: मुलगी, टेकड्या, चालणं आणि परत येणं. टेकड्या सात होत्या. सात हा आकडा कुठंसा अशुभ असल्यानं त्या 'काही' झाल्या होत्या, पण मॅडमनी मोठ्या मनानं तो मुद्दा पाळला गेला असं धरलं. चारपैकी चार. मूळनिष्ठा शंभर टक्के. आंतरराष्ट्रीय चित्रपटांच्या इतिहासात इतकी निष्ठा कुणाला जमली नव्हती, असं मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी दाखला पुढे सरकवला.

"मी सही करणार नाही," मास्तर म्हणाले.

"अवश्य," मॅडम म्हणाल्या. "फक्त कारण काय लिहू? सूत्राप्रमाणे तर…"

मास्तर दाखला घेऊन घरी आले. बायकोनं त्यातले चारही मुद्दे वाचले, मग चष्मा पुसून परत वाचले.

"अहो, म्हातारा हसतच नाही?"

"म्हाताराच नाही."

बायकोनं दाखला खाली ठेवला. ती कादंबरी लग्नाआधी मास्तरांनीच तिला वाचायला दिली होती आणि शेवटचं पान वाचून ती दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नव्हती. "त्या बाईंनी तुमच्या भरवशावर सोडलंय सगळं," ती म्हणाली. "फाडा तो कागद."

"पण सूत्र मी दिलंय गं. लेखी."

"मग सूत्र चुकलं म्हणून सांगा. वर्गात फळ्यावर चुकलात तर पुसत नव्हता?"

मास्तरांना हे पटलं. पण पटणं आणि सव्वीस वर्षांच्या मास्तरकीनंतर चारचौघांत चुकलो म्हणणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर कापायला त्यांना कुणाची तरी सोबत हवी होती. त्यांनी मॅडमना तोड सुचवली. कादंबरीवर प्रेम करणाऱ्या तीनशे वाचकांना बोलवा. त्यांना चित्रपट दाखवा. त्यांतल्या एकानं जरी उठून 'हे ते पुस्तक नव्हे' असं म्हटलं, तर मी दाखला तिथंच फाडीन. मॅडम आनंदानं हो म्हणाल्या. तीनशे लाडक्या वाचकांपैकी एकाला तरी म्हातारा आठवेल, याबद्दल मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती. त्या सकाळी त्यांनी नवा सदरा घातला आणि दाखला फाडायला सोपा जावा म्हणून मधोमध घडी घालून खिशात ठेवला.

वाचक आले ते पाहून मास्तरांचे डोळे भरून आले. छातीवर ड्रॅगन छापलेले सदरे, पुठ्ठ्याचे पंख, मागं बांधलेल्या कापडी शेपट्या. एकानं दारात खोटं खोटं खोकून दाखवलं आणि सगळे हसले. 'ही माझी माणसं,' मास्तरांना वाटलं. दिवे गेले. पडद्यावर पहिल्यांदा अक्षरं आली: 'मूळ कादंबरीशी शंभर टक्के प्रामाणिक.' खाली मास्तरांची सही होती.

"अहो, मी अजून केलेली नाही!" मास्तर शेजारी कुजबुजले.

"नमुना आहे तो," मॅडम म्हणाल्या. "जागा अडवून ठेवायला."

मग एक कुटुंब पाठमोरं चालू लागलं. ते एक तास पन्नास मिनिटं चाललं. वर ढग होता. मास्तर पडद्याकडे बघतच नव्हते. मान वळवून ते मागच्या रांगांत हात वर होतोय का ते शोधत होते. काही चेहरे बावचळलेले दिसले. ते चेहरे शेजारच्या चेहऱ्यांकडे बघत, शेजारचे स्वस्थ दिसत, म्हणून तेही स्वस्थ होत. कुटुंब परत आलं, दिवे लागले, आणि टाळ्या पडल्या.

बाहेर मास्तरांनी पुठ्ठ्याचे पंख लावलेल्या एका बाईंना गाठलं. त्यांच्या दंडावर ड्रॅगन गोंदलेला होता.

"कसा वाटला?"

"अगदी पुस्तकासारखा! लहानपणापासूनचं माझं सगळ्यात लाडकं पुस्तक आहे ते."

"पण ड्रॅगन?"

"किती सूचक दाखवलाय ना?"

"अहो, पण पुस्तकात तो शेवटी हसून मरतो…"

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "काय हो हे! शेवट सांगतात का असा? माझं अजून वाचायचं आहे!"

मास्तर दुसऱ्याकडे गेले, तिसऱ्याकडे गेले. कुणाजवळ तीन आवृत्त्या होत्या, कुणाजवळ चामडी बांधणीची होती. एकानं पहिली चाळीस पानं वाचली होती आणि ती त्याला फार आवडली होती. अगदी शेवटी, कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा असलेला एक उतारवयाचा माणूस सापडला. त्यानं पुस्तक वाचलेलं होतं.

"मला वाटतं शेवट वेगळा होता," तो हळूच म्हणाला. "काहीतरी चूल होती. खूप रडलो होतो मी, एवढं आठवतं."

मास्तरांनी त्याचा हात घट्ट धरला. "मग उठून बोलला का नाहीत?"

"पडद्यावर मास्तरांची सही होती ना," तो माणूस ओशाळून म्हणाला. "म्हटलं, त्यांना काय माझ्यापेक्षा कमी कळतं? माझंच विसरायचं वय झालं."

मास्तर त्याला सांगू शकले असते की ते मास्तर मीच. पण त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि त्यांनी त्याचा हात सोडला. मॅडम तीनशे अर्ज घेऊन आल्या. 'चित्रपट पुस्तकाप्रमाणे आहे काय?' या प्रश्नापुढे तीनशे ठिकाणी 'होय' होतं. टोपीवाल्यानंही 'होय' लिहिलं होतं. पेन पुढे आलं. मास्तरांनी खिशातला दाखला काढला, घडी उलगडली आणि सही केली. अक्षर अतिशय वळणदार आलं.

आठ दिवसांनी वृद्धाश्रमातून फोन आला.

"मास्तर, माझा म्हातारा नीट मेला का हो?" लेखिकाबाईंनी विचारलं.

बायको समोर उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे पाठ केली. "हो बाई. फार छान मेला."

"मरण्याआधी हसला?"

"हसला."

"मग झालं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम हलका झाला. "मला दिसत नाही, म्हणून इथल्या मुली म्हणत होत्या, आम्ही पाहून येतो आणि सांगतो. मी म्हटलं काही नको, मास्तरांनी पाहिलंय."

बायकोनं त्या दिवशी काही विचारलं नाही, आणि पुढेही कधी विचारलं नाही. मास्तरांना ते विचारण्यापेक्षा जड गेलं.

चित्रपट त्रेचाळीसही बाजारपेठांत चालला. दुखावलेल्या प्रेक्षकांची संख्या शून्य भरली. कादंबरीची नवी आवृत्ती निघाली, मुखपृष्ठावर ढग होता. ती हातोहात खपली, आणि दोन महिन्यांत प्रकाशकाकडे तक्रारींचा पाऊस सुरू झाला. चित्रपट पाहून काहींनी पुस्तक खरोखरच वाचायला घेतलं होतं. त्यात आईबाप नाहीत. थंडी आहे. एक आजारी जनावर मधेच उपटतं आणि शेवटच्या पानावर चक्क मरतं; मुलं घाबरली. लोकांच्या लाडक्या गोष्टीची अशी वाट लावायचा हक्क लेखिकेला कुणी दिला, असं एका पालकानं विचारलं होतं. प्रकाशक हादरला आणि त्यानं अकराव्या मजल्याचा सल्ला घेतला. मॅडमनी सूत्र उलट लावून पाहिलं. पुस्तकातल्या बाराशे बारा मुद्द्यांपैकी चित्रपटात फक्त चार सापडत होते. पुस्तकाची निष्ठा अर्धा टक्कासुद्धा भरत नव्हती.

पुस्तक दुरुस्त करण्यात आलं. आता ते एकोणीस पानांचं आहे, पहिल्या पानावर चित्रपटाचाच दाखला छापलेला आहे, आणि ते सर्व वयोगटांना चालतं. जुन्या प्रती दुकानांतून परत मागवण्यात आल्या. दुरुस्तीला लेखिकाबाईंची परवानगी लागत होती. मास्तरांची सही आहे असं सांगितल्यावर त्यांनी ती फोनवरच दिली.

ही कादंबरी तुमचीही लाडकी आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. ती कुणाची नाही? तुमच्याकडे तिची एक प्रतही आहे, आणि हे सगळं वाचताना मॅडमचा, ओठवाल्यांचा, विशेषतः त्या पंखवाल्या बाईंचा तुम्हाला चांगलाच राग आलेला आहे. कपाटातली तुमची प्रत खोकणाऱ्या म्हाताऱ्याची आहे की ढगाची, हे आत्ता उठून पाहायला दोन मिनिटं पुरतील. पण तुम्ही उठायचे नाही. आणि उठण्याची गरज तरी काय? पहिल्याच पानावर मास्तरांची सही आहे.